भिंतीपूर्वीचा संवाद : वास्तुविशारदांची व्याख्याने आणि नवी गृहरचना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या दीर्घ अनुभवातून आलेली आहे. घर बांधणे म्हणजे विटा, वाळू आणि सिमेंट यांचा केवळ हिशेब नव्हे. कुटुंबाची आयुष्यभराची बचत, कर्ज फेडण्याची उमेद, शेजाऱ्यांशी असलेले नाते आणि पुढच्या पिढीविषयीची स्वप्ने या साऱ्यांची त्यात कसोटी लागते. एका घराच्या बाबतीत जे खरे, तेच गावाची शाळा, तालुक्याचे रुग्णालय किंवा भूकंपानंतर वसवावयाची वसाहत यांच्या बाबतीतही खरे आहे. चुकलेली इमारत पाडून पुन्हा बांधण्याची ऐपत सामान्य माणसाला नसते आणि समाजालाही क्वचितच असते.

इमारतीची कल्पना वास्तुविशारद नकाशाच्या रूपाने मांडतो. हा नकाशा अभियंत्याला कळतो, अनुभवी गवंड्यालाही कळतो. परंतु ज्यांना त्या इमारतीत राहावयाचे, शिकावयाचे किंवा उपचार घ्यावयाचे, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो वाचता येत नाही. ही दरी बुजविण्याचा एक मार्ग म्हणजे बोलणे. गेल्या काही वर्षांत जगातील अनेक वास्तुविशारदांनी तज्ज्ञांच्या परिषदांबाहेर पडून सामान्य श्रोत्यांपुढे आपले काम उलगडून सांगण्यास प्रारंभ केला. ‘टेड’ या व्याख्यानमंचावर साधारण अठरा मिनिटांच्या मर्यादेत दिली जाणारी भाषणे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा भाषणांत तांत्रिक परिभाषेचा आधार घेता येत नाही. ‘हे असे का केले’ या साध्या प्रश्नाचे उत्तर वक्त्याला द्यावेच लागते.

या दृष्टीने चार व्याख्याने विशेष लक्षणीय आहेत. २०१३ मध्ये बुर्किना फासोचे फ्रान्सिस केरे आणि जपानचे शिगेरू बान, २०१४ मध्ये चिलीचे अलेहांद्रो अरावेना आणि २०१७ मध्ये बांगलादेशात काम केलेल्या आना हेरिंगर यांनी ती दिली. वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार यांपैकी तिघांना पुढील काळात मिळाला : बान यांना २०१४ मध्ये, अरावेना यांना २०१६ मध्ये आणि केरे यांना २०२२ मध्ये. चौघांचे देश, हवामान आणि साधने भिन्न आहेत. परंतु पैसा अपुरा असताना कल्पकतेने काय साधता येते, या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे विवेचन फिरते. हा प्रश्न आपल्याही जिव्हाळ्याचा आहे.

गांदोची शाळा

दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा जन्म १९६५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गांदो या खेड्यात झाला. वडील गावाचे प्रमुख असल्यामुळे मुलाला शाळेत पाठविण्याचा निर्णय ते घेऊ शकले. गावात शाळा नव्हती. वयाच्या सातव्या वर्षी केरे यांना घर सोडून परगावी राहावे लागले. तापलेल्या पत्र्याखाली दाटीवाटीने बसलेल्या मुलांचा तो वर्ग ते पुढे कधीच विसरले नाहीत. सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवून ते जर्मनीस गेले आणि नंतर बर्लिन येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊ लागले. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच त्यांनी आपल्या गावासाठी निधी जमविण्यास सुरुवात केली. २००१ मध्ये गांदोची प्राथमिक शाळा बांधून झाली.

आपल्या व्याख्यानात केरे एक आठवण सांगतात. सुटी संपवून गाव सोडताना घरोघरच्या स्त्रिया लुगड्याच्या गाठीतून काढावे तसे आपल्याजवळचे अखेरचे नाणे काढून त्यांच्या हाती ठेवीत. असे का, हे त्यांनी आईला विचारले. हा मुलगा शिकेल आणि एक दिवस परत येऊन गावाचे भले करील, या विश्वासाने त्या ही मदत देतात, असे आईने समजावले. गांदोची शाळा ही या नाण्यांची परतफेड होती.

परंतु शाळा मातीची बांधावयाची, हे ऐकताच गावकरी नाराज झाले. मातीच्या भिंती पावसाळ्यात टिकत नाहीत, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. परदेशात शिकलेल्या मुलाने काचेची आणि काँक्रीटची इमारत आणावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ही शंका रास्त होती आणि तिचे उत्तर नुसत्या आग्रहाने देता येण्याजोगे नव्हते. केरे यांनी बांधकामाची प्रत्यक्ष चाचणी गावकऱ्यांसमोर मांडली. मातीच्या विटांची कमान उभारली आणि तिच्यावर चढून उड्या मारून दाखविल्या. कमान ढळली नाही, तेव्हा विश्वास बसू लागला.

या इमारतीची रचना समजून घेण्यासारखी आहे. स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून, ती साच्यात दाबून विटा तयार करण्यात आल्या. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेते, त्यामुळे वर्ग लवकर तापत नाही. पन्हळी पत्रा मात्र थेट वर्गावर टाकलेला नाही. वर्गाच्या डोक्यावर प्रथम विटांचे छत आहे. त्याच्यावर बरेच अंतर सोडून लोखंडी सळयांच्या हलक्या कैच्यांवर पत्रा उचलून धरला आहे. पत्र्याखालची तापलेली हवा या मोकळ्या जागेतून वाहून जाते, छतामधील फटींतून वर्गातील गरम हवा वर ओढली जाते आणि खिडक्यांच्या झडपांतून तुलनेने थंड हवा आत येते. यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पत्र्याचा बाहेर आलेला पाखा भिंतींचे पावसापासून रक्षण करतो. गावात यारी आणणे शक्य नव्हते, म्हणून कैच्या माणसांना हाताने उचलता येतील आणि जागेवरच जोडता येतील अशा बेताने आखल्या होत्या.

जमीन बडवून गुळगुळीत करण्याचे काम गावातील स्त्रियांनी केले. पुढे शाळेच्या ग्रंथालयासाठी घरोघरची मातीची मडकी जमविली गेली. त्यांची तळे कापून ती छतात बसविण्यात आली, जेणेकरून प्रकाश आत यावा आणि गरम हवा बाहेर जावी. या शाळेस २००४ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. बांधकामात कौशल्य मिळविलेल्या तरुणांना नंतर इतरत्र काम मिळू लागले, ही गोष्ट केरे आवर्जून सांगतात. इमारतीचा हा लाभ अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही.

मातीचे अर्थशास्त्र

आना हेरिंगर एकोणीस वर्षांच्या असताना बांगलादेशातील एका ग्रामीण विकास संस्थेत राहिल्या. गावाचा विकास गावातीलच साधनसंपत्तीवर उभा राहावा, हा धडा त्या तेथे शिकल्या. पुढे वास्तुशास्त्राच्या पदवीसाठी त्यांनी दिनाजपूर जिल्ह्यातील रुद्रपूर या गावी याच ‘दीपशिखा’ संस्थेसाठी शाळेची रचना केली. २००५ च्या अखेरच्या महिन्यांत स्थानिक कारागिरांच्या हातून ती उभी राहिली आणि २००७ मध्ये तिलाही आगा खान पुरस्कार मिळाला.

मातीची भिंत बहुधा खालून खचते. जमिनीतील ओल वर चढते आणि पायथा विरघळतो. म्हणून रुद्रपूर येथे प्रथम विटांचा पाया घालून त्यावर ओलावा अडविणारा थर देण्यात आला. माती, पेंढा आणि पाणी यांचे मिश्रण गुरांच्या पायांखाली तुडवून एकजीव केले गेले. या मिश्रणाचे थर एकावर एक रचले गेले. एक थर काही दिवस वाळू द्यावयाचा, धारदार फावड्याने त्याच्या बाजू तासून सरळ करावयाच्या आणि मग पुढचा थर चढवावयाचा, अशी पद्धत होती. पेंढ्यामुळे वाळताना पडणाऱ्या भेगांना आळा बसतो. वरचा मजला बांबूचा असल्याने हलका आहे. तळमजल्याच्या जाड भिंतींच्या मागे मुलांसाठी गुहेसारख्या लहान गोल जागा ठेवल्या आहेत. तेथे बसून मुले वाचतात, खेळतात, किंवा नुसतीच शांत बसतात.

हेरिंगर यांच्या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अर्थव्यवहाराचा आहे. दूरच्या कारखान्यातून आणलेल्या मालावर खर्च केलेला पैसा गाव सोडून जातो. माती तुडविणाऱ्या, बांबू कापणाऱ्या आणि दोर वळणाऱ्या हातांना दिलेली मजुरी गावातच राहते. तिच्यातून भाजीपाला घेतला जातो, मुलांचे शिक्षण होते. बांधकामाचा खर्च किती झाला, याबरोबरच तो कोणाच्या हाती गेला, हेही पाहावे, असा या विवेचनाचा आशय आहे.

किल्लारीचा धडा

मातीच्या घराविषयी बोलताना महाराष्ट्रातील वाचकाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येणार नाही. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुसंख्य लोक आपल्याच घराच्या दगड-मातीखाली गाडले गेले. मग मातीचा पुरस्कार करणाऱ्या व्याख्यानांवर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर रचनेच्या तपशिलात आहे. त्या भागातील भिंती गोट्यांसारख्या अनघड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि दोन थरांच्या होत्या. हे दोन थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा घातलेले नसत. उन्हापासून बचाव व्हावा आणि पाऊस झिरपू नये म्हणून धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले व छताचे वजन वाढत गेले. जमीन हादरताच भिंतीचे थर सुटले आणि हे सारे वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा खण सुस्थितीत आणि नीट जोडलेला होता, तेथे भिंती ढासळूनही छत काही ठिकाणी तग धरून राहिले. दोष केवळ माती या द्रव्यात नव्हता. जड छत, सांधा नसलेली भिंत आणि कोपऱ्यांची दुर्बलता यांचा तो एकत्रित परिणाम होता. भूकंपप्रवण भागात मातीचे बांधकाम करावयाचे तर हलके छत, भिंतींना चहूबाजूंनी आवळणारे पट्टे आणि पक्के सांधे अनिवार्य ठरतात. परदेशातील यशस्वी उदाहरण जसेच्या तसे उचलणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्यामागचे तत्त्व समजून घेणे मात्र उपयोगाचे आहे.

कागदाच्या नळ्यांचे घर

शिगेरू बान यांचा जन्म १९५७ मध्ये टोकियो येथे झाला. १९८६ मध्ये एका प्रदर्शनाची मांडणी करताना त्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या प्रथम वापरल्या. कागदाची गुंडाळी संपल्यावर उरणारी आणि एरवी फेकली जाणारी ही नळी बरीच मजबूत असते, हे त्यांच्या ध्यानात आले. तिच्या चाचण्या घेऊन, ती पाण्यापासून आणि आगीपासून सुरक्षित करण्याचे उपाय योजून त्यांनी तिला बांधकामाच्या साहित्यात स्थान मिळवून दिले.

या नळीचा खरा उपयोग आपत्तीच्या काळात दिसून आला. १९९४ मध्ये र्‌वांडातील यादवीमुळे वीस लाखांहून अधिक लोक निर्वासित झाले. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने त्यांना प्लॅस्टिकची ताडपत्री दिली. आधारासाठी लोक झाडे तोडू लागले. झाडे वाचावीत म्हणून ॲल्युमिनियमचे खांब पुरविले, तर पोटासाठी ते विकून लोक पुन्हा झाडांकडे वळले. पुठ्ठ्याच्या नळीला बाजारात असा भाव नव्हता. बान यांनी स्वतः जिनिव्हा येथे जाऊन हा पर्याय मांडला आणि तो स्वीकारला गेला. एखादे साहित्य स्वस्त असणे हाच कधी कधी त्याचा सर्वांत मोठा गुण ठरतो.

जानेवारी १९९५ मध्ये जपानमधील कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. वाळू भरलेले बियरचे क्रेट पायासाठी आणि कागदी नळ्या भिंतींसाठी वापरून बान यांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने तात्पुरती घरे उभारली. त्याच ठिकाणी स्वयंसेवकांनी कागदी नळ्यांचे एक प्रार्थनागृहही बांधले. तात्पुरते म्हणून उभारलेले हे प्रार्थनागृह दहा वर्षे वापरात राहिले आणि नंतर सुटे करून तैवानमध्ये पुन्हा उभारण्यात आले.

भारताशी या कथेचा जवळचा संबंध आहे. २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूकंपानंतर बान यांनी भूज येथे असेच घर उभारले. तेथे पायासाठी क्रेट मिळण्याजोगे नव्हते. मग कोसळलेल्या इमारतींच्या मलब्याचाच पाया घालण्यात आला आणि त्यावर मातीची पारंपरिक जमीन करण्यात आली. छपरासाठी बांबूच्या चिंबांची कमान करून तिच्यावर चटया आणि मध्ये ताडपत्री घालण्यात आली. कमानीच्या दोन्ही टोकांकडील चटयांच्या छिद्रांतून हवा खेळती राही. कल्पना एकच, परंतु कोबेतील घर कोबेचे झाले आणि भूजमधील घर भूजचे.

स्थायी आणि तात्पुरते यांतील भेद बान यांनी व्याख्यानात वेगळ्या रीतीने सांगितला आहे. केवळ नफ्यासाठी बांधलेली काँक्रीटची इमारतसुद्धा उद्या पाडली जाते, म्हणून ती तात्पुरतीच. लोकांनी आपली मानलेली कागदाची इमारत मात्र टिकून राहते. वास्तुविशारदांचे श्रम बहुतांशी श्रीमंतांच्या आणि सत्ताधाऱ्यांच्या वैभवासाठी खर्ची पडतात, ही त्यांची खंतही श्रोत्यांना अंतर्मुख करणारी आहे.

अर्धे घर, पण चांगले

अलेहांद्रो अरावेना यांच्यापुढील प्रश्न शहरी गृहनिर्माणाचा होता. चिलीच्या उत्तरेकडील वाळवंटी प्रदेशातील इकिके या शहरात मध्यवर्ती भागी सुमारे अर्धा हेक्टर जागेवर शंभरएक कुटुंबे तीस वर्षांपासून झोपड्यांत राहत होती. जमीन महाग आणि शासकीय अनुदान ठरावीक. त्यातच जमिनीची खरेदी, पाणी-मलनिस्सारणाच्या सोयी आणि घर, सारे काही बसवावयाचे. त्यांना शहराबाहेर स्वस्त जागी हलविणे सोपे होते; पण तसे केल्यास रोजगार, शाळा आणि नातीगोती यांना ती मुकली असती.

अरावेना यांनी हे गणित श्रोत्यांपुढे पायरीपायरीने मांडले. प्रत्येकाला स्वतंत्र भूखंड आणि सुटे घर दिल्यास तीसएक कुटुंबेच त्या जागेवर मावत. एकमेकांस लागून घरांच्या ओळी केल्यास ही संख्या साठएक होई. सर्वांना सामावून घेण्यासाठी उंच इमारत हाच मार्ग उरे. परंतु घर वाढविता येणार नाही म्हणून रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला आणि उपोषणाचा इशारा दिला. हा विरोध अडथळा न मानता रचनेची अट म्हणून स्वीकारण्यात आला.

यातून निघालेला तोडगा असा : हाती असलेल्या पैशात लहान घर पुरे बांधण्याऐवजी चांगल्या घराचा अर्धा भाग बांधावयाचा. जो अर्धा भाग कुटुंबाला स्वतःच्या बळावर नीट बांधता येत नाही, तो शासकीय निधीतून करावयाचा. मुख्य सांगाडा, दोन घरांमधील भिंती, जिना, छप्पर, स्नानगृह आणि स्वयंपाकघर यांचा त्यात समावेश झाला. तळमजल्यावर एक घर आणि त्याच्यावर दुमजली दुसरे घर, अशी योजना करून मध्ये मोकळ्या जागा सोडल्या. त्या जागा कुटुंबांनी सवडीने आणि आपल्या ऐपतीप्रमाणे भरावयाच्या होत्या. सुमारे ३६ चौरस मीटरचे घर या रीतीने सुमारे ७२ चौरस मीटरपर्यंत वाढू शकत होते. २००४ च्या सुमारास पूर्ण झालेली ही वसाहत ‘किंता मोनरॉय’ या नावाने जगभर ओळखली जाते.

याच व्याख्यानातील दुसरे उदाहरण प्रशासनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने कोन्स्तितुसिओन हे किनाऱ्यावरील शहर उद्ध्वस्त केले. पुनर्रचनेचा आराखडा शंभर दिवसांत करावयाचा होता. समुद्राला भिंतीने अडविण्याऐवजी शहर आणि पाणी यांच्यामध्ये झाडांचे वन लावून लाटांचा जोर मोडावा, असे नागरिकांशी झालेल्या चर्चेतून ठरले. त्सुनामी पिढीतून एखाद्या वेळी येते. परंतु पावसाचे पाणी दरवर्षी तुंबते आणि शहराला सार्वजनिक मोकळी जागा नाही, या तक्रारीही त्याच चर्चेत पुढे आल्या. वनामुळे तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळत होते. खर्च ४ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे इतर पर्यायांहून अधिक होता. तपासाअंती असे आढळले, की त्याच जागेसाठी तीन मंत्रालयांनी एकमेकांना नकळत तीन योजना आखल्या होत्या आणि त्यांची बेरीज ५ कोटी २० लाख डॉलर होती. तेव्हा महाग वाटणारी योजनाच स्वस्त ठरली. शहरांत सर्वांत दुर्मीळ काय असेल, तर तो पैसा नसून समन्वय होय, हा अरावेना यांचा निष्कर्ष कोणत्याही देशातील कार्यालयाला लागू पडावा.

आपल्याकडील परंपरा

हे विचार परदेशातून प्रथमच येत आहेत, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधील सेवाकार्य आटोपून मायदेशी निघालेले लॉरी बेकर हे तरुण इंग्रज वास्तुविशारद बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले होते. तेथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधले जावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आयुष्यभर उराशी बाळगला. १९४५ मध्ये ते भारतात परतले आणि २००७ मध्ये केरळात त्यांचे निधन झाले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी सोडणारी बांधणी त्यांनी रूढ केली. तिच्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो, तेथे कौले भरून सिमेंट वाचविण्याची युक्तीही त्यांचीच देणगी मानली जाते.

नवी मुंबईच्या नियोजनात मोलाचा वाटा असणारे चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी वसाहत उभारली. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबांची सोय येथे झाली. सात घरांनी मिळून एक अंगण वेढलेले, अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा मोठा चौक आणि अशा चौकांतून पुढे वस्ती, अशी तिची चढती रचना आहे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे गरीब आणि सुस्थितीतील कुटुंबे यांच्या जागेत फार मोठी तफावत नव्हती. कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत ठेवलेली नव्हती, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास न देता प्रत्येकाला घर वाढविता यावे. किंता मोनरॉयच्या आधी सुमारे वीस वर्षे वाढत्या घराचा हा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. पुढे तेथील अनेक मूळ बैठी घरे पाडून रहिवाशांनी मोठी पक्की घरे बांधली. अंगणे मात्र बऱ्याच अंशी टिकून आहेत. घरे बदलली, शेजार राहिला.

पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले आणि २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळविणारे पहिले भारतीय ठरलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर येथील अरण्य वसाहतीत हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर योजिले. सुमारे ८० हजार लोकवस्तीसाठी आखलेल्या या वसाहतीत दुर्बल घटकांतील कुटुंबांना जोते आणि शौचालय-पाण्याच्या सोयीचा गाभा देऊन पुढील बांधकाम त्यांच्यावर सोपविण्यात आले. नमुना म्हणून ८० घरे बांधून दाखविली होती. २०२३ मध्ये दोशी यांचे निधन झाले. आपल्या भाषणांतून ते इमारतीकडे सतत वाढणाऱ्या, बदलणाऱ्या सजीव वस्तूप्रमाणे पाहावयास सांगत.

ऐकताना घ्यावयाची काळजी

प्रेरक व्याख्यानालाही मर्यादा असतात. अठरा मिनिटांत यश सांगून होते. दुरुस्ती, देखभाल आणि वाद यांना वेळ उरत नाही. अर्ध्या घराच्या कल्पनेवरही आक्षेप घेतले गेले आहेत. ज्या कुटुंबाची मिळकत अनिश्चित आहे, त्याने उरलेला अर्धा भाग कधी आणि कशाच्या बळावर बांधावा? वाढीव बांधकाम पुरेसे सुरक्षित झाले आहे, हे कोणी पाहावे? शासनाची जबाबदारी अर्ध्यावर संपते काय? हे प्रश्न गंभीर आहेत. मोकळ्या सोडलेल्या जागेबरोबर तांत्रिक मार्गदर्शन आणि सुलभ कर्ज मिळाले, तरच ती संधी ठरते. अन्यथा ते ओझे होते.

म्हणून असे व्याख्यान ऐकणाऱ्याने काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. ही इमारत कोणत्या हवामानासाठी आहे? तिच्यातील साहित्य आपल्याकडे जवळपास मिळते काय? गावातील गवंडी आणि सुतार तिची दुरुस्ती करू शकतील काय? दहा पावसाळ्यांनंतर तिची स्थिती कशी असेल? भूकंप, पूर आणि आग यांचा विचार झाला आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वापरणाऱ्यांना आरंभी विचारले गेले होते काय?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले आणि घर ठेकेदाराने न बांधता लाभार्थी कुटुंबाने स्वतः उभारावे, असे धोरण ठेवण्यात आले. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांत घराचा खरा कर्ता ते कुटुंब आणि त्याचा गवंडी हेच असतात. खिडकी कोणत्या दिशेला ठेवावी, पत्र्याखाली हवेसाठी जागा कशी सोडावी, पुढे खोली वाढवावयाची तर आजच पाया कोठवर घ्यावा, भिंतीला पट्टा का हवा, या गोष्टी त्यांना जोते भरण्यापूर्वी समजल्या, तर त्याच खर्चात अधिक सुखाचे आणि सुरक्षित घर उभे राहू शकते. ग्रामसभेच्या बैठकीत एखाद्या जाणत्या अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने तासभर बोलावे, नमुन्याची भिंत बांधून दाखवावी आणि लोकांच्या शंका ऐकून घ्याव्यात, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल.

गांदोच्या गावकऱ्यांनी मातीच्या शाळेवर शंका घेतली नसती, तर कमानीवर उडी मारून दाखविण्याची वेळ आली नसती. इकिकेच्या रहिवाशांनी उंच इमारत नाकारली नसती, तर वाढणाऱ्या घराचा तोडगा कदाचित सुचलाच नसता. चांगल्या इमारतीची सुरुवात अशा प्रश्नांतून होते. भिंत उभी राहिल्यावर तिच्याशी वाद घालता येत नाही; म्हणून बोलणे व्हावयाचे ते पाया खणण्यापूर्वीच झाले पाहिजे.